आडात नाही, ते अवकाशात कोठून येणार?

अवकाश उद्योगासाठी मनुष्यबळाची 'पाइपलाइन' उभारली पाहिजे, हे वाक्य गेल्या काही वर्षांत दिल्लीच्या धोरणपत्रांतून निघून आमच्या लातूर जिल्ह्यातील शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत येऊन पोहोचले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक प्रमुख पाहुणा व्यासपीठावरून मुलांना अवकाश-शास्त्रज्ञ होण्याचा आशीर्वाद देऊ लागला. आशीर्वादाला अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही, ही त्याची मोठीच सोय आहे. पाइपलाइन या शब्दाचे कौतुक मात्र लातूरकरांना कोणी सांगू नये. एप्रिल २०१६ मध्ये या जिल्ह्याच्या मुख्य शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणून जगवावे लागले. त्या वेळीही शहरात नळ होते, जलवाहिन्या होत्या, टाक्या होत्या. पाणी तेवढे नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आमच्याकडे पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातला आड म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, तालुक्याची आयटीआय आणि जिल्ह्याचे शासकीय तंत्रनिकेतन. या तिन्ही ठिकाणी झरा आटत असताना वरच्या टोकाला रॉकेटचे चित्र रंगवणे ही निव्वळ फसवणूक आहे, असे माझे मत आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मला आपल्या पक्षातल्या साथींना सांगायची आहे. या फसवणुकीला आपण आजवर जे उत्तर देत आलो तेही चुकीचे आहे.

आपले उत्तर ठरलेले असते. ज्या देशात शेतकरी आत्महत्या करतो त्या देशाने चंद्रावर कशाला जावे? सभेत या वाक्याला टाळी मिळते. ही टाळी घेणारा कार्यकर्ता एक गोष्ट विसरतो. त्याच्या समोर बसलेल्या शेतकऱ्याचा पीकविमा किती मिळावा, हे ठरवण्यात आता उपग्रहाचाही हात आहे. पीक कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवरून काढलेला उत्पादनाचा अंदाज सोयाबीनसारख्या पिकाच्या विम्यात धरला जाऊ लागला आहे. पूर्वी मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक यांच्याशी भांडता येत होते. प्रयोग कोणत्या बांधावर घेतला, कोणाच्या समक्ष घेतला, वजन कोणी केले, हे गावाला ठाऊक असे आणि पंचनाम्यावर हरकत घेता येई. आता आकाशातून आलेल्या आकड्याशी कोण भांडणार? ती प्रतिमा कोणत्या दिवसाची, त्या दिवशी ढग होते काय, सोयाबीनचे शेत आणि तणाने माजलेले पडीक रान यांतला फरक त्या गणिताला कळला काय, हे प्रश्न विचारू शकेल असा एकही माणूस तालुक्यात नसेल, तर विमा कंपनी सांगेल तेच उत्पादन. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नव्हता.

अवकाश उद्योग म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे धूर सोडत वर जाणारे प्रक्षेपक येते. पण उपग्रहाने पाठवलेली माहिती वाचणे, तिचे नकाशे करणे आणि ते जमिनीवर जाऊन पडताळणे हाही त्याच उद्योगाचा भाग आहे, आणि त्यात पुढे पुष्कळ माणसे लागणार आहेत. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरस्थ अभ्यासक्रम विनामूल्य चालवते. भूगोलाचा किंवा कृषीचा पदवीधर मुलगा, थोडे गणित आणि थोडे संगणकज्ञान असेल तर, हे काम शिकू शकतो. गावातच राहून भूजलाचा, पिकाचा, पूररेषेचा नकाशा वाचणारी मुलगी हा आपल्या चळवळीचा केवढा आधार होईल याचा विचार साथींनी करावा. अवकाशविज्ञान ही श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून आपण ते श्रीमंतांच्याच स्वाधीन करतो.

ते तसे नव्हते, हे इतिहास सांगतो. विक्रम साराभाईंनी थुंब्याला ज्या कामाची सुरुवात केली त्याचे पहिले रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाले. कोळ्यांच्या गावातील एक चर्च हे तेव्हाचे कार्यालय होते. त्यानंतर बारा वर्षांनी, भारताकडे स्वतःचा दळणवळण उपग्रह नसताना, अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन इस्रोने जो प्रयोग केला तो खेड्यांतील शिक्षणाचा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजनावर मोठ्यांसाठी. सुट्टीत याच यंत्रणेवरून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यात आले. या प्रयोगाची धुरा वाहणारे एकनाथ चिटणीस हे मराठी गृहस्थ होते. २०२५ मध्ये शंभरी ओलांडून ते गेले तेव्हा आमच्या वृत्तपत्रांनी त्यांना किती जागा दिली, हा विषय वेगळा. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा होता. आमच्या भागातून सीमा ओलांडली की पलीकडच्या काही खेड्यांतील मुले उपग्रहावरून विज्ञान शिकत होती आणि अलीकडे आम्ही मराठवाडा विकास आंदोलनाच्या जखमा मोजत होतो. थोडक्यात, भारतीय अवकाश कार्यक्रमाने आपला पहिला मोठा हिशेब प्राथमिक शिक्षकाशी जुळवला होता. पुढे तो बिघडला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' सोडला. तो वर उत्तम चालला, खाली जमिनीवरच्या वर्गांत मात्र त्याचा पुरेसा उपयोग झाला नाही, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांना त्यावर ताशेरे ओढावे लागले. उपग्रह कमी पडला नाही, शाळा कमी पडली.

आता इस्रोत माणसे कोठून आली ते पाहू, कारण पाइपलाइनचा खरा नकाशा तेथे आहे. चांद्रयान-१ चे प्रकल्प संचालक मयिलसामी अण्णादुरै हे कोईमतूर जिल्ह्यातील एका खेड्याचे, तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकलेले. २०१८ ते २०२२ या काळात इस्रोचे अध्यक्ष असलेले के. सिवन हे कन्याकुमारी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले, तेही तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेतले. चांद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुत्तुवेल हे विळुप्पुरमचे. वडील रेल्वेत तंत्रज्ञ, आणि मुलाने शालेय शिक्षणानंतर आधी गावच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, मग पदवी, मग पुढचे सगळे. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोची सूत्रे हाती घेतलेले व्ही. नारायणन हेही कन्याकुमारी जिल्ह्यातल्या खेड्याचे, तमिळ माध्यमाचे आणि पदविकेच्या वाटेने आलेले. खरगपूरची आयआयटी त्यांच्या आयुष्यात फार नंतर आली.

हा योगायोग आहे असे मानणाऱ्याने अर्थशास्त्राच्या वाटेला जाऊ नये. १९५४ ते १९६३ या काळात कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांनी खेडोपाडी शाळा उघडल्या आणि १९५६ पासून शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. पुढे आलेल्या सरकारांची आपापसांत कितीही भांडणे असोत, ते जेवण त्यांनी बंद पाडले नाही, उलट १९८२ मध्ये त्याचा विस्तार केला. मातृभाषेतली सरकारी शाळा, तिच्याजवळ परवडणारे तंत्रनिकेतन, वर आरक्षणाचा भक्कम आधार, अशी ती वाट होती. तिच्यावरून शेतकऱ्याचा आणि रेल्वे कामगाराचा मुलगा चालत चालत चंद्रापर्यंत गेला. या वाटेवर कोठेही क्लासचा फलक नव्हता.

दुसरीकडे, ज्या आयआयटीच्या नावाने आमच्याकडे आठवीतल्या मुलाला घराबाहेर काढून लातूरच्या खोलीत कोंडतात, तेथल्या पदवीधरांविषयी इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले की वेतनाचे आकडे पाहिल्यावर त्यांतले बहुतेक भरतीच्या सभेतून उठून जातात. त्यांना दोष कशाला द्यायचा? ज्याच्या शिक्षणात बापाने भांडवल गुंतवले तो परतावा मागणारच.

'लातूर पॅटर्न'वर टीका केली की आमच्याकडे लोक दुखावतात, म्हणून आधी त्याचे देणे देऊन टाकतो. मूळ स्वरूपात तो राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतील शिक्षकांच्या जादा कष्टांचा उपक्रम होता. पुण्या-मुंबईची गुणवत्ता यादीवरची मक्तेदारी त्याने मोडली आणि दुष्काळी गावांतील शेकडो मुले डॉक्टर झाली. मराठवाड्याला त्याने आत्मविश्वास दिला, हे मी कोणाहीपुढे मान्य करीन. पण बाजाराने त्याचा ताबा घेतल्यावर शिल्लक राहिली ती प्रश्नसंचांची गिरणी. २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरप्रकारांचा तपास लातूरपर्यंत येऊन पोहोचला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काय होते? जेथे एका गुणाची किंमत लाखांत होते तेथे त्या गुणाचा काळाबाजारही होतो.

हिशेबच करायचा तर सोयाबीनमध्ये करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. बाजारात तेवढा मिळाला नाही, तरी मिळाला असे धरू. वर्षाची क्लासची, राहण्याची आणि खानावळीची मिळून एक लाख रुपये फी धरली (धाकट्या क्लासचा आकडा म्हणून धरा), तर ते जवळपास १९ क्विंटल सोयाबीन झाले. कोरडवाहू जमिनीत एकरी सहा-सात क्विंटल आले तर तीन एकरांचे सगळे पीक, बी-खताचा आणि काढणीचा खर्च न वजा करता. शिरूर अनंतपाळ, येरोळ, साकोळ या गावांत तीन एकर धनी किती आहेत आणि किती जणांपाशी तेवढीही जमीन नाही, हे कार्यकर्त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. भूमिहीन मजुराची मुलगी या हिशेबात मुळी येतच नाही.

पैशाहूनही मोठे नुकसान निराळे आहे. अवकाश उद्योगाला जी माणसे लागतात ती हाताने काम केलेली लागतात. प्रक्षेपकाच्या कवचाच्या जोडात केसाएवढी चीर राहिली तर शेकडो कोटींचे यान समुद्रात जाते. ते जोडकाम तपासणारा वेल्डर चार पर्यायांतून एक गोल रंगवून तयार होत नाही. इस्रोच्या 'टेक्निशियन-बी' या पदासाठी दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अशा व्यवसायांतील आयटीआयचे प्रमाणपत्र लागते. 'टेक्निकल असिस्टंट'साठी प्रथम श्रेणीतील पदविका लागते. लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या मुलाला हा दरवाजा उघडा आहे. तो त्याला कोणी दाखवतो काय? आमच्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात 'शास्त्रज्ञ' असतो, 'फिटर' कधी नसतो. पांढरपेशांच्या मनातला कारागिराविषयीचा हा जुना तिरस्कार आहे. त्याची मुळे आपल्या जातिव्यवस्थेत आहेत, आणि रॉकेटचा रंग लावला म्हणून ती दिसेनाशी होत नाहीत.

महाराष्ट्राने या उद्योगात जे मोठे काम केले तेही कारखान्यांतून. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे उसाच्या शेतीभोवती वसलेले गाव. तेथील कारखाना साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटारीची पोलादी कवचे बनवू लागला. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये 'विकास' इंजिने बनली, पवईच्या लार्सन अँड टुब्रोने प्रक्षेपकांचे मोठाले भाग घडवले. वालचंदनगरच्या उदाहरणाचा मराठवाड्याने विशेष विचार करावा, कारण साखर कारखाने आमच्याकडेही आहेत. मांजरेच्या काठी गळीत हंगामात काम करणारा वेल्डर आणि कवच जोडणारा वेल्डर यांच्यात अंतर आहे ते प्रशिक्षणाचे, यंत्राचे आणि तपासणीच्या शिस्तीचे. ते अंतर सार्वजनिक पैशाने भरून काढता येते. किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर गावोगावच्या गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवले गेले आणि ते शिकले. तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्याच्या दहाच दिवस आधी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले होते, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरे यशस्वी झाले. शिकण्याची संधी एका अपयशानंतर प्रक्षेपकाला मिळते. आमच्या तालुक्यातल्या दहावी नापास पोराला ती का मिळू नये?

शासनाचे उत्तर काय आहे? सहली. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुकाच्या सहकार्याने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील ७५ मुले निवडली. ५० इस्रोला आणि २५ अमेरिकेत नासा पाहण्यासाठी. खेड्यातली मुले विमानात बसली याचा मला आनंद आहे, त्यांच्यातून कोणी पुढे जाईलही. परंतु हजारोंनी परीक्षा द्यावी आणि पंचविसांनी नासा पाहावे, याला शिक्षणधोरण म्हणत नाहीत. तो लॉटरीचा सुसंस्कृत प्रकार झाला. इस्रोचा 'युविका' हा शालेय मुलांसाठीचा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला; ग्रामीण मुलांना त्यात प्राधान्य आहे, हे चांगले आहे, पण देशभरातून निवड होते ती काही शेकड्यांची.

त्याच राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळांना 'समूह शाळां'त गुंडाळण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयाने लहान गावांतील सहावी ते आठवीच्या वर्गांवरच्या शिक्षकांच्या पदांवर टाच आली. सहावी ते आठवी हेच तर ते वय, जेव्हा मूल पहिल्यांदा भिंगातून पाहते, विजेचे मंडल जोडते, तराजूत वस्तू टाकते. तालुक्यातील एका शाळेत मी गेलो होतो. शाळेचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत. विज्ञानाच्या साहित्याचे कपाट कुलूपबंद होते. काही फुटले तर भरपाई पगारातून होईल, या धास्तीने बाईंनी ते उघडलेलेच नव्हते. बाई वाईट नाहीत. त्या एकटीने दोन वर्ग सांभाळतात, निवडणुकीची कामे करतात, ऑनलाइन माहिती भरतात आणि पोषण आहाराचा तांदूळ मोजतात. या कपाटाला जो कुलूप लावतो तोच नासाच्या सहलीला हिरवा झेंडा दाखवतो.

आता पैशाचा प्रश्न. पैसा नाही असे मला कोणी सांगू नये. तो कोणाच्या बाजूने वाहतो एवढेच विचारायचे. साठ वर्षे जनतेच्या करातून इस्रो उभी राहिली. जून २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी भांडवलाला खुले करण्याचे धोरण जाहीर झाले, एप्रिल २०२३ मध्ये नवे अवकाश धोरण आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटे भाग बनवण्यात १०० टक्के, उपग्रहनिर्मितीत ७४ टक्के आणि प्रक्षेपकांत ४९ टक्क्यांपर्यंत परकी भांडवल सरकारी परवानगीवाचून येऊ देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. आठ अब्ज डॉलरांच्या आसपास असलेली देशाची अवकाश अर्थव्यवस्था २०३३ पर्यंत ४४ अब्जांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. या वाढीत कामगार कोण असेल, त्याला कायम नोकरी असेल की कंत्राट, याविषयी धोरणकर्ते बोलत नाहीत. इस्रोच्या तंत्रज्ञांच्या जाहिरातीत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा असतात. तेच काम खासगी कारखान्यात गेले की त्या जागांचे काय होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

भांडवलदार स्वतःहून कामगार शिकवत नाही, याचे कारण त्याचा दुष्टपणा नव्हे. मी शिकवलेला वेल्डर उद्या शेजारचा पळवील, ही त्याची भीती वाजवी आहे. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने शिकवण्याची वाट पाहतो आणि शेवटी 'कुशल मनुष्यबळ नाही' अशी ओरड सगळे मिळून करतात. या कोंडीवर उपाय एकच, सर्वांकडून सक्तीने प्रशिक्षण निधी घ्यावा आणि तो सार्वजनिक संस्थांतून खर्च व्हावा. २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटींचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या समूहाला मिळाले. त्यावर अवघा एक टक्का आकारला असता तरी ८ कोटी ६० लाख जमले असते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेला शाळेमागे २० लाख मिळतात. त्या दराने ४३ शाळांच्या प्रयोगशाळा झाल्या. एका कंत्राटाचा हा हिशेब आहे. आणि नवा कायदा होईपर्यंत जुना तरी हाती घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण कामगारांच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. अवकाशाची कामे करणाऱ्या पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या कारखान्यांनी त्यांतल्या काही जागा मराठवाड्याच्या आयटीआयसाठी राखाव्यात, अशी मागणी आपल्या कामगार संघटनांनी आजवर केली आहे काय?

हा प्रश्न दूरचा वाटणाऱ्यांनी औंढा नागनाथकडे पाहावे. आमच्याच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात, हिंगोली जिल्ह्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांत जवळजवळ पूर्ण निर्वात. त्यांच्या जोडकामाची, स्वच्छतेची आणि देखभालीची कामे वर्षानुवर्षे चालतील. या कामांसाठी नांदेड, हिंगोली, परभणी, लातूरच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून आजपासून तुकड्या तयार केल्या, तर वेधशाळा चालू होईल तेव्हा मराठवाड्याची मुले आत असतील. नाही केल्या, तर तीच मुले फाटकावर रखवालदार म्हणून उभी राहतील आणि जमिनी गेलेल्यांची मुले चहाची टपरी चालवतील. धरणांच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या बाबतीत हे आपण पाहिलेले आहे.

१९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा ज्या नऊ क्षेत्रांचा विचार केला त्यांत तांत्रिक शिक्षण हे एक स्वतंत्र क्षेत्र होते. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटींचा. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली, आणि आता अनुशेष हा शब्दही विधानसभेत क्वचितच ऐकू येतो. तांत्रिक शिक्षणाचा अनुशेष नव्याने मोजा, ही मागणी आपण केली पाहिजे. केवळ जागा मोजून भागणार नाही. किती लेथ चालू आहेत, किती निदेशकांची पदे भरलेली आहेत, मुलींसाठी वसतिगृह आहे की नाही, शिरूर अनंतपाळहून सकाळच्या पाळीला पोहोचेल अशी एसटी आहे की नाही, हे सगळे त्यात आले पाहिजे. मुलींचा मुद्दा मी शेवटी घातला, कारण तो सर्वांत अवघड आहे. दहावीनंतर मुलीला दुसऱ्या गावी पाठवायचे तर पालक आधी बसची वेळ विचारतात, अभ्यासक्रम नंतर.

जिल्हा शाखेने या कामाची सुरुवात पाहणीने करावी, असे मी सुचवतो. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन विज्ञानाचे कपाट उघडायला लावावे आणि आत काय आहे ते लिहून आणावे; आयटीआयमध्ये जाऊन कोणते यंत्र किती दिवस बंद आहे ते विचारावे; मागच्या तीन वर्षांत त्या संस्थेतील कोणी इस्रोच्या भरतीला अर्ज केला काय, याचीही नोंद घ्यावी. माहिती देण्यास कोणी नकार दिला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तालुक्यातील उजेड या गावी दर वर्षी जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. पाळणे असतात, मिठाईची दुकाने असतात, कुस्त्या होतात. येत्या यात्रेत पक्षाने एक तंबू घ्यावा. त्यात भाषण नको. एक दुर्बीण, एक सूक्ष्मदर्शक, तालुक्याचा उपग्रहाने टिपलेला मोठा नकाशा आणि भिंतीवर या पाहणीचे आकडे, गावांच्या नावांसह.